हातमागाच्या कार्यशाळेला जाताय? आधी ताणा समजून घ्या

जळगाव-धुळ्याकडच्या घरात कापसाबद्दल कुणाला शिकवावं लागत नाही. बोंडअळी कशी ओळखायची, वेचणीचा दर काय चाललाय, क्विंटलभर कापसातून जिनवर साधारण तिसरा हिस्सा रुई निघते आणि बाकी सरकी, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. कापडाबद्दलही आपल्याला कळतं. लग्नाच्या बस्त्याला बसलेली आत्या पदर दोन बोटांत चोळून सांगते, यात सूत किती आणि पॉलिस्टर किती. मधलं काम मात्र आपल्या हातून निसटलंय. अमळनेरच्या प्रताप मिलचा, जळगावच्या खानदेश मिलचा, चाळीसगावच्या लक्ष्मीनारायण मिलचा भोंगा ऐकून घड्याळ लावणारी माणसं आता आजोबा झाली. शेजारी मालेगावात यंत्रमाग रात्रंदिवस चालतात, पण तिथे धागा मोटारीवर पळतो, बोटांतून जात नाही.

हे मधलं काम हाताने करून बघावं म्हणून मी चार वर्षांपूर्वी पहिल्या कार्यशाळेला गेले. मी जळगावात नोकरी करते, विणकाम हा निव्वळ छंद. आतापर्यंत तीन कार्यशाळा केल्या: एक एका दिवसाची, एक पाच दिवसांची, एक दहा दिवसांची. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. नवखा माणूस रंग बघतो, नक्षी बघतो, आडवा धागा इकडून तिकडे नेणारा धोटा बघतो, म्हणजे आडवा धागाच बघतो. काम मात्र सगळं उभ्या धाग्यात असतं, ताण्यात. ताणा नीट असेल तर पहिल्यांदा मागावर बसलेल्या माणसाचंही कापड सरळ येतं. ताणा बिघडला असेल तर मुरलेला विणकरही अर्धा दिवस गाठी सोडवत बसतो. म्हणून कार्यशाळा निवडण्यापासून ते घरी परतण्यापर्यंतचा प्रत्येक निर्णय ताण्याकडे बघून घ्या.

कार्यशाळा निवडताना

हातमागाच्या नावाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी शिकवतात. पहिली, लाकडी चौकटीवर खिळे ठोकून सुईने विणायची भिंतीवरची नक्षी. दिसायला छान, मुलांसाठी उत्तम, पण त्यात माग चालवणं येत नाही. दुसरी, टेबलावर ठेवायचा छोटा माग, ज्याला हाताने ओढायच्या दांड्या असतात. तिसरी, चौकट माग, म्हणजे बाकावर बसून पायाखालच्या पावड्या दाबत विणायचा मोठा माग. चौथी, खड्डा माग: माग जमिनीवर, विणकर जमिनीच्या पातळीवर बसलेला, पाय आणि पावड्या खाली खड्ड्यात. येवल्याची पैठणी विणणाऱ्या जुन्या घरांत असा माग बघायला मिळतो.

पहिल्यांदा जात असाल तर टेबलावरचा किंवा चौकट माग घ्या, आणि किमान तीन दिवसांची कार्यशाळा घ्या. एका दिवसात ताणा चढत नाही, त्यामुळे एक दिवसाच्या कार्यशाळेत आयोजकांनी तो आधीच चढवून ठेवलेला असतो. तुम्ही जाता, धोटा इकडून तिकडे फेकता, फोटो काढता, वीतभर कापड घेऊन घरी येता. माझी पहिली कार्यशाळा तशीच झाली. पैसे घेताना 'संपूर्ण विणकाम' असं सांगितलं होतं, आणि तिथे पोचल्यावर आठ जणांत दोन माग होते. दिवसभरात माझ्या वाट्याला पाऊण तास आला. घरी येताना वाईट वाटलं ते पैशांचं नाही. माझ्या हातात एक पट्टी होती आणि ती कशी झाली हे मला सांगता येत नव्हतं.

म्हणून नाव नोंदवण्याआधी फोन करून हे प्रश्न विचारा. विचारताना संकोच करू नका, शिकवणाऱ्या माणसाला असे प्रश्न आवडतात.

ताणा मी स्वतः काढणार आहे का, की तयार मिळणार? एका मागावर किती जण? (दोघांत एक माग चालतो, उलट ताणा गुंडाळताना दुसरा माणूस लागतोच. तिघे झाले की एक जण बघत बसतो.) सूत शुल्कात धरलंय की वेगळं? झालेलं कापड माझं की त्यांचं? शिकवणारी व्यक्ती स्वतः मागावर बसते का? दिवेलागणीनंतर काम असेल तर परत यायची सोय काय? शेवटचा प्रश्न आपल्याकडे महत्त्वाचा आहे. धुळ्याहून किंवा चोपड्याहून संध्याकाळी सातनंतर गावाकडची एसटी चुकली की मुक्कामच करावा लागतो.

कुठे जायचं? खानदेशात अशा कार्यशाळा नियमित होत नाहीत, अधूनमधून होतात. महाविद्यालयं, खादीच्या संस्था, महिला बचत गटांचे मेळावे यांच्याकडे कान ठेवावा लागतो. ७ ऑगस्टच्या आसपास जास्त चौकशी करा. १९०५ साली त्या दिवशी कोलकात्यात स्वदेशी चळवळीची घोषणा झाली होती, म्हणून २०१५ पासून तो दिवस राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळतात आणि त्या आठवड्यात प्रात्यक्षिकं होतात. केंद्र सरकारची विणकर सेवा केंद्रं महाराष्ट्रात मुंबई आणि नागपूरला आहेत. बाहेर पडायची तयारी असेल तर दोन गावं आपल्याला जवळ आहेत. एक येवला: जळगाव किंवा चाळीसगावहून रेल्वेने मनमाड, तिथून रस्त्याने थोडंसं अंतर. दुसरं महेश्वर: धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर, सेंधवा करत धामणोद, आणि तिथून आत वळलं की नर्मदेचा काठ. अहिल्याबाई होळकरांनी वसवलेल्या विणकरांची परंपरा तिथे आजही चालू आहे.

कधी जायचं, हे खानदेशात फार महत्त्वाचं आहे

एप्रिल-मेमध्ये जाऊ नका. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, हवा कोरडी ठणठणीत होते, आणि कोरड्या हवेत सुती धागा ठिसूळ होतो. सुताचा गुणच तसा आहे: ओलाव्याने ते कमकुवत होत नाही, उलट बळकट होतं. म्हणून कापड गिरण्यांच्या विणकाम खात्यात मुद्दाम हवेत ओलावा सोडत. खड्डा मागामागेही हेच शहाणपण आहे. जमिनीलगत ताणलेल्या धाग्यांना खालच्या मातीचा गारवा मिळतो. जुने विणकर उन्हाळ्यात भुईवर पाणी शिंपडून बसत.

आमची पाच दिवसांची कार्यशाळा मार्चच्या शेवटी होती. शिकवायला एक सत्तरीचे नाना होते, आयुष्यभर मागावर बसलेले. सकाळी नऊपर्यंत धागे शहाण्यासारखे वागायचे. अकरानंतर टपाटप तुटायचे. दुपारी एकदा सलग चौथा धागा तुटल्यावर माझा चेहरा बघून ते म्हणाले, "तुटना ते तुटू दे, ताई. गाठ मारानी नि पुढे जावानं." मग त्यांनी गोणपाट भिजवून मागाखाली पसरलं, खिडकीला ओलं धोतर बांधलं, आणि तासाभरात फरक पडला. पंखा मात्र बंद करायला लावला, कारण वाऱ्याने धागा आणखी सुकतो. ही गोष्ट मी तोवर कुठे ऐकली नव्हती.

जुलै ते सप्टेंबर हा उत्तम काळ. ऑक्टोबर ते जानेवारी हवा चांगली असते, पण शेती असेल तर कापूस वेचणी आणि रब्बीची पेरणी त्यातच येते, घरातून पाच दिवस निघता येत नाही. मी आता श्रावणात जाते.

जाण्याआधीची तयारी

नखं कापा आणि कडा घासून गुळगुळीत करा. खरखरीत नखात धागा अडकतो आणि तंतू विस्कटतात. अंगठ्या, कड्यांची घड्याळं, काचेच्या बांगड्या काढून ठेवा. केस बांधा. ओढणी किंवा पदर खोचता येईल असे सुती कपडे घाला. खड्डा मागावर बसणार असाल तर सैल सलवार किंवा पायजमा बरा. चाळिशी लागली असेल तर जवळचा चष्मा विसरू नका. फणीतून, म्हणजे उभे धागे सारख्या अंतरावर धरणाऱ्या कंगव्यासारख्या भागातून, धागे ओवताना डोळे थकतात, आणि ते थकले की चुका होतात.

सोबत घ्या: शिंप्याकडे असतो तसा इंची टेप, छोटी धारदार कात्री, चौकटींची वही, दोन रंगांची पेनं, दहा-बारा टाचण्या, एक जाड सुई, रुमाल, पाण्याची बाटली. कमरेखाली ठेवायला घडी घातलेली गोधडी. ही शेवटची वस्तू मी आग्रहाने सांगते. बाकावरची बैठक चुकली तर दुसऱ्या दिवशी पाठ धरते. बसल्यावर कोपरं मागाच्या पुढच्या रुळापेक्षा, म्हणजे आडव्या दांड्यापेक्षा, किंचित वर यायला हवीत. बुटक्या माणसाने गोधडी घालून उंची वाढवावी, वाकून विणू नये.

आठवडाभर आधी घरी एक सराव करा. पुठ्ठ्याचा वहीएवढा तुकडा घ्या, वरच्या आणि खालच्या कडेला अर्ध्या अर्ध्या सेंटीमीटरवर खाचा पाडा, सुतळी किंवा जाड दोरा खालीवर गुंडाळा. हा तुमचा ताणा. आता सुईने एक धागा वरून, एक खालून असं आडवं विणा, पुढच्या ओळीत उलट करा. दहा ओळींत लक्षात येईल की दोन्ही काठ आत आत यायला लागलेत. हा अनुभव घेऊन गेलात तर मागावर काठाबद्दल सांगतील ते एका फटक्यात समजेल.

पहिला दिवस: सूत आणि हिशेब

पहिल्या दिवशी बहुतेकांना कंटाळा येतो, कारण विणायला मिळत नाही. मला हाच दिवस सगळ्यात आवडतो.

आधी सुताचा नंबर समजून घ्या. १ पौंड वजनात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात तो त्या सुताचा नंबर. म्हणजे नंबर वाढला की सूत बारीक. २/१० असं लिहिलं असेल तर १० नंबरचे दोन धागे एकत्र पिळलेत, म्हणजे जाडी साधारण ५ नंबरच्या एकेरी सुताइतकी. नवख्याने असं दुहेरी पिळाचं सूतच ताण्याला वापरावं. एकेरी सुताला खळ द्यावी लागते, म्हणजे तांदळाच्या पेजेचा किंवा मैद्याचा हात देऊन, वाळवून, तंतू बसवून घ्यावे लागतात. ते शिकण्यासारखं आहे, पण पहिल्या खेपेला नको.

आता हिशेब. समजा १२ इंच रुंद आणि ४८ इंच लांब असा टेबलावर पसरायचा पट्टा विणायचाय, सूत २/१०. या सुताला साध्या वीणीसाठी इंचाला २४ उभे धागे बरे. १२ गुणिले २४, म्हणजे २८८ धागे. फणीचा नंबर आपल्याकडे २ इंचांत किती घरं यावरून मोजतात; २४ नंबरची फणी म्हणजे इंचाला १२ घरं, आणि प्रत्येक घरात दोन धागे घातले की २४ झाले.

लांबीत चार गोष्टी धरायच्या. कापडाचे ४८ इंच. दोन्ही टोकांच्या दशांसाठी ४-४ मिळून ८. विणताना धागा वरखाली जातो आणि धुतल्यावर कापड आटतं, त्यासाठी दहावा हिस्सा, साधारण ५ ते ६. आणि मागावर जे शेवटपर्यंत विणताच येत नाही ते टोक, मोठ्या मागावर २८ इंच तरी. एकूण ९० इंच, म्हणजे सुमारे २.३ मीटर. २८८ गुणिले २.३ म्हणजे ६६२ मीटर. २/१० सूत एका ग्रॅमला साधारण साडेआठ मीटर भरतं, म्हणून ताण्याला ७८ ग्रॅम. आडव्या धाग्याला इंचाला २० ओळी धरून साधारण ३५० मीटर, म्हणजे ४१ ग्रॅम. सगळं मिळून १२० ग्रॅम. गाठी, तुटफूट, कांडीवर (धोट्यात बसवायच्या सुताच्या नळीवर) उरलेलं धरून १५० ग्रॅम घ्या.

हा हिशेब स्वतःच्या वहीत स्वतः मांडा, शिकवणाऱ्याने फळ्यावर लिहिलेला उतरवून घेऊ नका. पुढे घरी एकट्याने काही करायचं झालं तर हेच पान उपयोगी पडतं.

ताणा काढणं

भिंतीवरच्या किंवा टेबलावरच्या खुंट्यांवरून धागा पुढे नेत, मागे आणत २८८ धागे सारख्या लांबीचे मोजून घ्यायचे असतात. यात एका जागी, दोन खुंट्यांच्या मधे, जाताना धागा एका बाजूने आणि येताना दुसऱ्या बाजूने घ्यायचा. त्यामुळे तिथे धाग्यांची फुली पडते. ही फुली म्हणजे धाग्यांचा हजेरीपट. कोणाच्या नंतर कोण, हे तीच लक्षात ठेवते.

फुलीच्या चारही बाजूंनी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने बांधून मगच ताणा खुंट्यांवरून काढायचा. माझ्या पाच दिवसांच्या कार्यशाळेत मी तीनच बाजू बांधल्या, चौथी राहिली. ताणा उचलला, आणि फुली घसरली. २८८ धाग्यांचा नुसता झुपका माझ्या हातात राहिला. त्यात कोणता आधी, कोणता नंतर, हे सांगायला काहीच शिल्लक नव्हतं. आम्ही दोघींनी जेवणानंतरचे तीन तास घालवून एकेक धागा वेगळा केला, आणि अकरा धागे कायमचे उलटसुलट बसले. त्या कापडाच्या डाव्या अंगाला एक जाड रेघ आहे, ती त्यांचीच. फुली बांधली की लगेच दर दीड हातावर घट्ट आवळून बांधा, म्हणजे नेताना धागे सरकत नाहीत.

धागा ओढताना एकाच ताणाने ओढा. सुरुवातीला हात उत्साहात घट्ट असतो, शंभराव्या धाग्यानंतर ढिला पडतो. म्हणून मोजताना कोणाशी बोलू नका, आणि मधेच उठावं लागलं तर एका अंगाचे धागे पूर्ण करून उठा. दर २४ धाग्यांना रंगीत दोऱ्याचा एक फास टाकत जा, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागत नाही.

मग ताणा मागच्या रुळावर गुंडाळायचा. एकाने ताणून धरायचं, दुसऱ्याने रूळ फिरवायचा. प्रत्येक थरामधे जाड कागद किंवा पातळ कामट्या घालायच्या, नाहीतर वरचे धागे खालच्या धाग्यांत रुततात आणि विणताना काही सैल, काही ताठ होतात. ताण धरणाऱ्याने बोटांनी धागे विंचरू नयेत. गुंता दिसला की विंचरावंसं वाटतं, पण त्याने गुंता फक्त मागे ढकलला जातो. दोन्ही हातांनी जुडी धरून हलकासा झटका द्यायचा, धागे आपोआप मोकळे होतात. हे मी दोनदा लिहिलं असतं तरी चाललं असतं.

ओवणं

आता प्रत्येक धागा हेडलच्या डोळ्यातून आणि मग फणीच्या घरातून ओवायचा. हेडल म्हणजे मधे डोळा असलेल्या दोऱ्या किंवा तारा, चौकटीवर ओळीने लावलेल्या. साध्या वीणीला एक धागा पहिल्या चौकटीत, पुढचा दुसऱ्या, असं आलटून पालटून. चार चौकटींचा माग असेल तर एक, दोन, तीन, चार या क्रमाने ओवा, म्हणजे त्याच ताण्यावर साधी वीण आणि तिरपी वीण दोन्ही करता येतात. आपण जीन्स म्हणतो ती तिरपी वीणच.

चुका इथेच होतात आणि त्या इथेच सापडतात. दर २४ धागे ओवले की थांबा, चौकटी वरखाली करून बघा, मग चोवीसांची सैल गाठ मारा. दोन्ही काठांचे शेवटचे दोन-दोन धागे एकाच डोळ्यात जोडीने घाला, त्याने काठ बळकट होतो. पहिल्यांदा २८८ धागे ओवायला चार ते सहा तास धरा, आणि अर्धे झाले की बाहेर जाऊन लांबचं झाड बघून या.

ओवून झाल्यावर पुढच्या रुळावर एकेक इंचाच्या जुड्या बांधायच्या. आधी मधली, मग दोन्ही कडेच्या, मग उरलेल्या. बांधून झालं की तळहात पालथा ठेवून ताण्यावरून फिरवा. कुठे खळगा लागला तर तिथली गाठ पुन्हा आवळा. डोळ्याला न दिसलेला ढिलेपणा तळहाताला लगेच कळतो.

विणायला बसल्यावर

तुम्ही ज्या कामाची वाट बघत होतात ते आता सुरू होतं, आणि खरं सांगायचं तर ते सोपं आहे. पावडी दाबली की अर्धे धागे वर, अर्धे खाली, मधे फट. फटीतून धोटा, मग फणी बसवलेला हात्या पुढे ओढून ठोका, दुसरी पावडी, परत धोटा. पहिल्या तीन-चार इंचांत जाडं टाकाऊ सूत विणा, त्याने जुड्यांमधली अंतरं मिटतात आणि ओवण्यातली चूक असेल तर तिथेच दिसते. चूक दिसली तर उसवून दुरुस्त करा. पुढे ती सबंध कापडभर रेघ होऊन येईल.

दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. पहिली, काठ. आडवा धागा सरळ ओढून ठोकला की काठ आत येतो आणि कडेचे धागे फणीला घासून तुटतात. धागा फटीत तिरका ठेवा, किंवा मधे हलकी कमान करा, मग ठोका. काठावर धागा नुसता टेकला पाहिजे, आवळला जाता कामा नये. दर दोन-तीन इंचांनी टेप लावून रुंदी मोजा. अर्ध्या-पाऊण इंचाने आत येणं ठीक, त्याहून जास्त असेल तर हात ओढतोय.

दुसरी, ठोका. राग आला की ठोका जोरात पडतो, गप्पा मारताना हलका. कापड उजेडात धरलं की दिवसभरातलं मन त्यात वाचता येतं. इंचात २० ओळी ठरवल्या असतील तर टेप ठेवून मोजत जा. एक तास विणा, दहा मिनिटं उठा.

धागा तुटेल. तो कसा जोडायचा हे कार्यशाळेत कोणी शिकवलं नाही तर मुद्दाम विचारा, कारण घरी हेच लागतं. त्याच सुताचा दोन-अडीच हात नवा धागा घ्या. मागच्या बाजूला, हेडलपासून बऱ्याच लांब, तुटलेल्या टोकाला बांधा. तोच धागा त्याच डोळ्यातून आणि फणीच्या त्याच घरातून पुढे आणा. विणलेल्या कापडात दोन बोटं आत एक टाचणी आडवी टोचा आणि नवा धागा शेजाऱ्यांइतका ताणून टाचणीभोवती आठच्या आकड्यासारखा गुंडाळा. विणत पुढे जा. माग उतरवल्यावर टाचणी काढून टोक सुईने कापडात दडवा. पहिला धागा जोडायला मला वीस मिनिटं लागली होती. नाना दीड मिनिटात जोडायचे, तेही माझ्याशी बोलता बोलता.

कांडीवरचं सूत संपलं तर नवीन धाग्याचं टोक जुन्यावर इंचभर चढवून त्याच फटीत ठेवा आणि ठोका, गाठ नको. हे शक्यतो काठापासून दूर करा.

शिकवणाऱ्यांशी वागताना

ज्यांच्या मागावर तुम्ही छंद म्हणून बसता, त्यांचं पोट त्यावर असतं. काम चालू असलेल्या मागाला विचारल्याशिवाय हात लावू नका, ताण्यावर वही-मोबाईल ठेवू नका. नक्षीचा फोटो काढण्याआधी विचारा, आणि नको म्हणाले तर पुन्हा विचारू नका. घरी जेवायला बोलावलं तर जा. शेव-भाजी आणि कळण्याची भाकरी खाताना मागाच्या जितक्या गोष्टी मला कळल्या तितक्या वर्गात कळल्या नाहीत. त्यांच्याकडचं कापड घ्यायचं असेल तर भाव पाडू नका. आता तुम्हाला ठाऊक आहे की त्यात ताण्याचेच किती तास गेलेत.

माग उतरवल्यावर

दशांच्या गाठी मारा, कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा, दमट असतानाच इस्त्री करा. धुण्याआधी कापड जाळीसारखं वाटलं तर घाबरू नका, धुतल्यावर धागे फुगून जागा भरतात. आधीची आणि नंतरची मापं वहीत लिहा.

आणि निघण्याआधी एक गोष्ट जरूर बघून घ्या. मागावर ताण्याची जी टोकं उरतात, ती विणकर कापून फेकत नाही. हेडल आणि फणीत ओवलेली ती तशीच राहू देतो, आणि नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या टोकाला पिळून जोडतो. याला सांधणी म्हणतात. त्यामुळे पुन्हा ओवावं लागत नाही. जुना ताणा पुढे ओढला की नवा त्याच्या मागोमाग आपल्या जागी येतो. माझ्या शेवटच्या दिवशी नाना सांधणीला बसले होते. अंगठा आणि तर्जनीला राख लावून, दोन टोकं एकत्र घेऊन, एक पीळ, एक दुमड, की पुढचा धागा. मी शेजारी बसून चाळीस जोडले. त्यातले सहा निघाले, ते त्यांनी काही न बोलता पुन्हा जोडले. श्रावणात परत या, म्हणाले, तोवर हा ताणा संपलेला असेल.